शब्दचर्चा : स्वादुपिंड की अग्न्याशय?

प्रश्न : आमच्या कुत्र्याला पॅनक्रियाजचा आजार निघालाय. मुलीच्या पुस्तकात त्याला 'स्वादुपिंड' म्हटलंय, हिंदीत 'अग्न्याशय'. मला अग्न्याशय पचनाच्या जास्त जवळचा वाटतो. मराठीत कोणता वापरावा?

उत्तर : ताई, स्वादुपिंडच. 'अग्नी' पटतो, पण 'आशय' पटत नाही. मूत्राशय, पित्ताशय, गर्भाशय या सगळ्या काहीतरी धरून ठेवणाऱ्या पिशव्या. इथे पिशवीच नाही. जठरामागची ही ग्रंथी रस तयार करते आणि नळीवाटे लहान आतड्यात सोडते. म्हणून मूत्रपिंडातला 'पिंड' इथेही बरोबर. मात्र पिंड म्हणजे गोल गोळा असं समजू नका. सशात ती आतड्याला धरणाऱ्या पातळ पडद्यात विखुरलेली असते, चरबीतून वेगळी ओळखताना डोळे ताणावे लागतात.

सशामुळेच तिचं मोठं काम उलगडलं. सशाची पित्तनलिका जठराजवळ उघडते आणि स्वादुपिंडाची नळी दीडएक वीत खाली. 1840 च्या दशकात फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ क्लोद बेर्नार यांनी स्निग्ध अन्न खाल्लेल्या सशाचं पोट उघडलं, तेव्हा आतड्यातून मेद वाहून नेणाऱ्या रसवाहिन्या दुधासारख्या पांढऱ्या दिसल्या, पण या दुसऱ्या नळीच्या पुढेच. नुसतं पित्त मिसळलं होतं तिथे पांढरेपणा नव्हता. मेद पचायला स्वादुरस लागतो, हे त्या पांढऱ्या रेषांनी दाखवलं.

प्रश्न : मग 'स्वादुपिंड अन्न पचवतं' असं लिहिलं तर?

उत्तर : नको. 'पाचकरस स्रवतं' लिहा. पचन आतड्यात होतं. प्रथिनं तोडणारं ट्रिप्सिन ग्रंथीत निष्क्रिय रूपात असतं, आतड्यात पोचल्यावर कामाला लागतं. ते आतच जागं झालं तर ग्रंथी स्वतःलाच पचवू लागते, तो स्वादुपिंडदाह. 'स्वादु' म्हणजे गोड, त्यामुळे अनेकांना फक्त मधुमेह आठवतो. इन्सुलिन इथलंच, पण ते थेट रक्तात जातं. ग्रंथीचा बहुतेक भाग पाचकरसाच्याच कामाला जुंपलेला असतो. आणि मटणाच्या दुकानातली तिल्ली म्हणजे स्वादुपिंड नव्हे, ती पाणथरी, म्हणजे प्लीहा.

कुत्र्याला भरपूर खाऊनही बरगड्या दिसतात का? शी फिकट, तेलकट, ढीगभर होते का?

प्रश्नकर्ती : अगदी तशीच. डॉक्टरांनी डुकराच्या स्वादुपिंडाची पूड दिलीय, जेवणात कालवून देते. महिन्याभरात अंग भरलंय त्याचं.