सरासरी १५६ येते आणि ‘श्रेणी’ची चूक हटत नाही (जावा) – मदत हवी आहे

कोरी_पाटी: उद्या सकाळी प्रात्यक्षिक दाखवायचे आहे आणि जावा भाषेतला प्रोग्राम कंपाइलच होत नाही, म्हणजे संगणकाला चालवता येईल अशा रूपात येतच नाही. ‘श्रेणी’ या व्हेरिएबलला (किंमत साठवणाऱ्या नावाला) किंमत मिळालेली नसावी, अशी कंपायलरची (हे रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामची) तक्रार आहे. मी तर ती तिन्ही इफमध्ये (‘अट खरी असेल तर’ या भागांत) दिली आहे. श्रेणीच्या ओळी बंद करून पाहिल्या, तर तीन विषयांची सरासरी १५६ येते. प्रत्येक विषय शंभर गुणांचा असताना हे कसे शक्य आहे?

अर्धविराम: सरासरीची ओळ, गुण आणि इफच्या अटी लिहिल्याशिवाय कोणी काय सांगणार?

कोरी_पाटी: गुण ६०, ७०, ८०. ओळ साधीच आहे: सरासरी = अ + ब + क / ३. अटी: ७५ किंवा अधिक, ६० किंवा अधिक पण ७५ पेक्षा कमी, ६० पेक्षा कमी. यांतून कोणता आकडा निसटतो, ते दाखवा.

पाणपोई: जावा सोडा, पायथॉन ही भाषा शिका. असले प्रश्नच पडत नाहीत.

अर्धविराम: भागाकार तेथेही बेरजेच्या आधीच होतो, फक्त १५६ च्या जागी १५६.६७ च्या जवळपासचे उत्तर येईल. येथे एकट्या ८० ला ३ ने भागले जाते आणि दोन्ही पूर्णांक असल्यामुळे अपूर्णांक गळून २६ येतात. बेरजेला कंस घाला आणि अपूर्णांक हवा असेल, तर ३.० ने भागा. नुसता सरासरीचा प्रकार डबल (अपूर्णांक साठवणारा) करून काम होणार नाही.

जुनी_वही: श्रेणीला सुरुवातीलाच रिकामी स्ट्रिंग (कोरा मजकूर) द्या आणि मोकळे व्हा. मी वर्षानुवर्षे हेच करतो.

अर्धविराम: त्याने कंपायलर गप्प होईल, पण एखादी अट खरोखर राहून गेली, तर गुणपत्रकावर कोरी जागा छापली जाईल. कंपायलर अटींतले आकडे ताडून पाहत नाही. तिन्ही इफ खोटे ठरू शकतात, असेच तो धरून चालतो. शेवटी एल्स (‘नाहीतर’) हवे.

जुनी_वही: क्लासच्या फील्डला, म्हणजे मेथडच्या (एका कामाच्या सूचनांच्या गटाच्या) बाहेर लिहिलेल्या व्हेरिएबलला, जावा आपणहून शून्य किंवा नल (‘काहीच नाही’) देते. मग मेथडमधल्या व्हेरिएबललाच एवढे सोवळे कशाला?

अर्धविराम: कारण फील्डला कोणती मेथड आधी हात लावेल, हे कंपायलरला कळत नाही, मेथडच्या आतला प्रत्येक रस्ता मात्र त्याला तपासता येतो.

कोरी_पाटी: कंस घातल्यावर सरासरी ७० आली. तिसऱ्या इफच्या जागी एल्स लिहिले, कंपाइलही झाले, पण आता सरासरी ९० असली तरी ‘तृतीय’ छापले जाते!

अर्धविराम: तुमचे इफ सुटे आहेत, हे तुम्ही सांगितले नव्हते. ते एल्स फक्त दुसऱ्या इफला चिकटले आहे. दुसऱ्या इफच्या आधीही एल्स लिहा.

कोरी_पाटी: झाले. आभार.