मदत हवी आहे : पीकॉक बाससाठी दोरी आणि आमिष कोणते घ्यावे?

नमस्कार. मी सोलापूरचा असून उजनीच्या फुगवट्यावर अनेक वर्षे गळ टाकतो. यंदा ब्राझीलमधील रिओ निग्रो नदीवर पीकॉक बाससाठी जाण्याचे ठरले आहे (खर्चाचा आकडा घरी अजून सांगितलेला नाही). हा मासा आपल्या चिलापीच्याच कुळातला असला, तरी त्याची सर्वांत मोठी जात 10 किलोंच्या पुढे वाढते आणि गळाला लागताच बुडालेल्या झाडांत घुसते. म्हणून 50 ते 65 पौंडांचा ताण सोसणारी ब्रेडेड (विणलेली) दोरी घ्यावी, असे माझे मत झाले आहे. खरी अडचण आमिषाची आहे. फिरता पंखा लावलेले जड कृत्रिम आमिष पाण्याच्या पृष्ठभागावर झटके देत दिवसभर ओढणे माझ्या मनगटाला झेपणार नाही. तेव्हा केवळ जिगवर (वजनदार डोक्याच्या, पाण्याखाली ओढायच्या आमिषावर) भर दिल्यास मोठे मासे हुकतील काय, याबाबत अनुभवी सदस्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.