कोंबड्या हात लावू देत नाहीत, पायाला औषध कसं लावू? (कडकनाथ आणि गावठी)

सुरंगी

नमस्कार मंडळी. आम्ही चिपळूणजवळ राहतो. परसात पाच कोंबड्या आहेत, दोन कडकनाथ आणि तीन गावठी. अंडी घरापुरती मिळतात. विकायचा विचार नाही आणि कापायच्या तर नाहीतच. ओळखीच्या एका घरी जागा पुरेना म्हणून त्यांनी आम्हाला दिल्या. आल्या तेव्हाच चांगल्या मोठ्या तलंगा होत्या, त्यामुळे पिल्लू असताना माणसाचा हात असा त्यांना लागलेलाच नाही.

फार बुजऱ्या आहेत हो. दाणे टाकून मी बाजूला झाले की मगच खातात. जरा वाकले, हात पुढे केला की कलकलाट करत पांगतात. त्यातली एक कडकनाथ तर थेट पडवीच्या कौलावर जाऊन बसते. एवढे दिवस मी म्हणत होते, राहू दे, त्यांना नाही आवडत तर नाही. पण आता एका गावठीच्या पायांवरचे खवले वर उचलले गेलेत आणि खाली पांढरट, खडबडीत थर दिसतोय. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी फोटो बघून पायाचा माइट, म्हणजे खवल्यांखाली शिरणारा बारीक किडा, सांगितला. पाय कोमट साबणाच्या पाण्यात भिजवायचे, मऊ ब्रशने हलके साफ करून कोरडे करायचे आणि व्हॅसलिन चोपडायचं. खवले ओढायचे नाहीत. हे काही आठवडे नेमाने करायचं आहे. शिवाय मानमोडीची लस टोचून घ्यायची आहे ती वेगळीच.

शेजारच्या दादांनी मदत म्हणून तिला पकडायला पाहिलं. शेपटीची पिसं त्यांच्या हातात राहिली आणि कोंबडी करवंदीच्या जाळीत शिरली ती अंधार पडेपर्यंत बाहेर आली नाही. तेव्हापासून पाचही जणी मला बघूनच लांब जातात. फार वाईट वाटतं.

तर मला विचारायचंय ते असं. औषधासाठी रोज पकडत राहिले तर त्या कधी माणसाळणारच नाहीत, आणि आधी माणसाळू देत म्हणून थांबले तर पाय आणखी बिघडतील. यातून वाट कशी काढायची? मोठ्या झालेल्या कोंबड्या अजून माणसाळतात का? ती पिसं परत येतील ना?

माळरान

ताई, पिसं येतील, ती काळजी सोडा. घाबरलेली कोंबडी शेपटीची पिसं सहज सोडते, शिकाऱ्याच्या तोंडातून सुटायची तिची ती सोय आहे. मुळासकट निघालेलं पीस काही आठवड्यांत पुन्हा फुटतं. फक्त नवीन पिसाच्या कोंबात रक्त असतं, तिथे हात लागला की दुखतं. तेवढे दिवस शेपटीकडे जाऊ नका.

आता मुख्य गोष्ट. पकडणं आणि माणसाळवणं ही दोन कामं पूर्ण वेगळी ठेवा. दिवसा कधीही पकडायचं नाही. पकडायचं ते रात्रीच.

कोंबडीला अंधारात जवळजवळ दिसत नाही. दिवेलागणीनंतर ती दांडीवर बसली, डोळे मिटले की तासाभराने जा. विजेरीवर लाल कागद बांधा किंवा उजेड अगदी मंद ठेवा. तोंडाने हळू बोलत जा, म्हणजे ती दचकणार नाही. दोन्ही हात बाजूंनी नेऊन पंख अंगालगत धरा आणि उचला. मग एक तळहात छातीखाली, तिचे दोन्ही पाय त्याच हाताच्या बोटांमध्ये, आणि तिचं अंग तुमच्या कुशीत. डोक्यावर ओढणीचं टोक टाकलं की बहुतेक जणी निपचित होतात. एकाने धरायचं, दुसऱ्याने पाय धुवायचे. पाणी, फडका, व्हॅसलिन सगळं आधीच मांडून ठेवा. काम झालं की पाय नीट कोरडे करून तिला परत तिच्याच जागी, दांडीवर बसवा. खाली सोडून येऊ नका, अंधारात तिला वर चढता येत नाही.

दोन गोष्टी जीव तोडून सांगतो. पायांना धरून उलटी लटकवू नका, बाजारात सगळे तसंच नेत असले तरी. आणि छाती आवळू नका. पक्ष्याला आपल्यासारखा श्वासपटल नसतो, बरगड्या हलल्या तरच श्वास चालतो. घट्ट मिठीत कोंबडी गुदमरून मरू शकते. चोच उघडी टाकून धापा टाकायला लागली तर त्या दिवशीचं काम तिथेच थांबवा.

हा माइट बसायच्या दांडीवरून दुसरीला लागतो. दांड्या घासून धुवा आणि बाकीच्या चौघींचे पायही बघून घ्या.

शिवारातला

एवढं कशाला? एका बाजूचा पंख छाटा, डालग्याखाली दोन दिवस उपाशी झाका. तिसऱ्या दिवशी हातातून खातील. आमच्याकडे असंच करतात.

माळरान

दादा, उपाशी ठेवायला माझा ठाम विरोध आहे. कोंबडी अंडी देत असेल तर तिच्या अंगातून रोज केवढं जातं! भुकेने ती हातावर झडप घालेल, पण भीती तशीच राहील आणि पोट भरलं की पुन्हा पळेल. पंख छाटायचाही इथे उपयोग नाही. चिपळूणला आजूबाजूला रान आहे, मुंगूस आलं तर त्या कडकनाथला कौलाचाच आधार आहे.

शिवारातला

मुंगसाचं बरोबर आहे. ते लक्षात आलं नव्हतं.

पाणवठा

सुरंगी, मोठ्या कोंबड्याही माणसाळतात, वेळ मात्र लागतो. जातीचाही फरक आहे. गिरिराज, वनराज अंगाने जड आणि स्वभावाने शांत असतात. असील कोंबडा दुसऱ्या कोंबड्याशी मरेपर्यंत झुंजेल, पण धन्याच्या हातात निवांत बसतो. कडकनाथ मूळची झाबुआ भागातली, आदिवासी वस्त्यांवर मोकळी वाढलेली जात. चपळपणा तिच्या रक्तातच आहे. तेव्हा गावठीपासून सुरुवात कर.

तू वाकलीस की पळतात ना, त्याला कारण आहे. वरून खाली येणारी कुठलीही सावली म्हणजे त्यांच्या लेखी घार. आकाशातल्या शत्रूसाठी आणि जमिनीवरच्या शत्रूसाठी कोंबड्यांची हाक वेगवेगळी असते. पुढच्या वेळी कान देऊन ऐक, मांजर आलं की कलकलाट लांबत जातो, घार दिसली की एकच बारीक लांब आवाज आणि सगळ्या गप्प. म्हणून उभ्याने हात खाली न्यायचाच नाही. जमिनीवर बस. पाटावर बस, पाय पसर, आणि समोरून न येता जराशी तिरकी बस. त्यांच्याकडे टक लावून बघू नको. कोंबडीचे डोळे बाजूला असतात, तू तिला दिसत राहतेस.

सकाळी खुराडं उघडलं की पोट रिकामंच असतं, उपाशी ठेवायची गरजच नसते. तेव्हा रोजचा दाणा टाकायच्या आधी काहीतरी खास ने. वाळवी मिळाली तर तिच्यापुढे सगळं फिकं. नाहीतर ओलं खोबरं, शिजलेला भात, कलिंगडाच्या बिया. आधी लांब टाक, मग रोज थोडं तुझ्या जवळ. बोटाने जमिनीवर टकटक कर. आई पिल्लांना दाणा दाखवताना चोचीने तसंच करते, त्यामुळे मोठेपणीही त्या आवाजाला मान वळतेच. आणि हाक एकच ठेव, ‘ती ती ती’ तर ‘ती ती ती’च, घरातल्या सगळ्यांनी तीच.

त्यांच्यात कोण कोणाला टोचतं ते ओळखून ठेव. हे क्रम नॉर्वेचे प्राणिशास्त्रज्ञ श्येल्डेरुप-एब्बे यांनी १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला कोंबड्यांचं निरीक्षण करूनच मांडले. तुझ्या पाचांतली जी थोरली असेल ती धीट झाली की बाकीच्या तिच्या मागून येतात. सगळ्यात खालची मात्र हातापर्यंत पोचतच नाही, तिला मध्येच टोचून हाकलतात. तिच्यासाठी दुसऱ्या बाजूला वेगळा दाणा टाक.

आणि महत्त्वाचं, हातातून खायला लागली म्हणून लगेच धरू नकोस! तळहातावर खाताना आधी दुसऱ्या हाताने छातीखाली खाजव. पाठीवर हात सगळ्यात शेवटी.

सुरंगी

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी, आभार.

रात्रीचं जमलं! मी आणि यजमान मिळून करतो. पहिल्या वेळी खूप फडफडली, आता ओढणी टाकली की कुशीत मान टेकवते. खवले बसायला लागलेत. आणखी एका गावठीच्या पायाला सुरुवात दिसली, तिलाही घेतलं. डॉक्टर तयार झाले आणि लसही संध्याकाळी उशिरा खुराड्याशीच टोचून घेतली.

सकाळी पाटावर बसते. थोरली गावठी माझ्या मांडीवर चढून भात खाते, मला तर भरून आलं. पण काल तिच्या पाठीला हात लागला तर पंख जरा पसरून जमिनीला चिकटून बसली. घाबरली का? कडकनाथ अजून अंगणाच्या त्या टोकालाच असतात. आणि मुलगी आठ वर्षांची आहे, तिला कधी घेऊ देऊ?

पाणवठा

घाबरली नाही गं. अंड्यावर आलेली कोंबडी कोंबड्यापुढे तशी बसते, पाठीवर हात आला की माणसापुढेही बसते. तेवढ्यात दोन्ही बाजूंनी पंख धरून तिला अलगद उचलता येतं. क्षणभर उचल, भात दे, सोड.

कडकनाथच्या मागे लागू नको. काही जणी जन्मभर मांडीवर येत नाहीत. हातभर अंतरावर निवांत चरायला लागल्या तरी खूप झालं, रात्री दांडीवर तपासता येतात ना?

माळरान

लेकीला आधी नुसतं शेजारी बसू दे, न बोलता. मग जमिनीवर बसूनच तिच्या मांडीवर थोरलीला ठेवा, उभ्याने नको, कोंबडी उडी मारते आणि पोरं बिचकून सोडतात. कानातलं काढून ठेवा, चमकणाऱ्या गोष्टीवर कोंबडी टोच मारते. चेहऱ्याजवळ न्यायची नाही, पापा घ्यायचा नाही, नंतर हात साबणाने धुवायचे, साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू निरोगी दिसणाऱ्या कोंबडीच्या अंगावरही असतो. कुठली कोंबडी मलूल झाली, तोंड सुजलं किंवा एकदम दगावली तर मुलीला अजिबात जवळ जाऊ देऊ नका आणि दवाखान्यात कळवा.

व्हॅसलिन मात्र खवले सपाट दिसले तरी लगेच बंद करू नका. डॉक्टरांनी सांगितले तेवढे आठवडे पूर्ण करा.