डुकराच्या रक्तात जात दिसते का?

बीडकर (मूळ पोस्ट): यॉर्कशायर, लँडरेस, ड्युरॉक ही नुसती पिल्लं महाग विकायची नावं. रक्त काढून बघा, सगळ्यांत तेच एन्झाइम. गावरान पाळा अन् गप बसा.

उदगीरचा डॉक्टर: एन्झाइम तेच, पण त्याचे प्रकार? स्टार्चच्या जेलवर तांबड्या पेशींचा अर्क ठेवून करंट सोडला की कुणाचा पट्टा पुढं पळतो, कुणाचा मागं राहतो. आईकडून एक अन् बापाकडून दुसरा आला असंल तर मधे तिसराही उमटतो. हे बघून बघून चष्मा लागला मला. फॉस्फोहेक्सोज आयसोमरेज आणि ६-पीजीडी या दोन एन्झाइमांची जनुकं सहाव्या गुणसूत्रावर, हॅलोथेन जनुकाच्या शेजारी. या हॅलोथेन जनुकात दोष असला की डुक्कर ताणानं दगावू शकतं. शेजारची जनुकं बहुधा जोडीनंच उतरतात, म्हणून १९९१ मध्ये त्यातला नेमका बदल सापडायच्या आधी ताणानं दगावणारी डुकरं हुडकायला हेच पट्टे कामाला यायचे. पिएत्रेन जातीत तो दोष लई, लार्ज व्हाइटमध्ये, म्हणजे तुमच्या यॉर्कशायरमध्ये, कमी. म्हणा आता सगळे सारखे!

बीडकर: पट्ट्यावर भाव मिळत नाही साहेब. मे महिन्यात टेम्पोतून पाच ‘शुद्ध’ आणले. गेवराईच्या अलीकडंच दोन गेले, पाय ताठ करून. विकणारा म्हणे ऊन लागलं.

परळीचा भाऊ: मेमध्ये टेम्पोत माणूसबी ताठ होईल. डुकराला घाम फुटत नाही. पाणी मारलं होतं का?

बीडकर: एकदा.

परळीचा भाऊ: मग जनुकाला कामून बोल लावायलेत?

देवणीप्रेमी: डुकरांचं एवढं रक्त तपासायलेत, आमच्या लातूरच्या देवणी गाईकडं कोण बघतं? पोरांना तिचे वानेरा, बालंक्या, शेवरा हे प्रकार ओळखू येईनात. बाजारात नुसती काळ्या तोंडाची दिसली की वानेरा म्हणून गळ्यात मारतात. मलाही मारली एक.

कंधारची लेक: अन् आमच्या नांदेडची लाल कंधारी गाय? लातूरकरांना नांदेड नकाशात दिसतच नाही.

देवणीप्रेमी: ताई, दूध काढून दाखवा, मग बोलू.

कंधारची लेक: तुम्ही नांगर धरून दाखवा आधी!

परळीचा भाऊ: अहो, धागा डुकराचा हाय.

उदगीरचा डॉक्टर: बीडकरांचं एक मान्य. एका पट्ट्यावरून जात सांगता येत नाही. तेच प्रकार बहुतेक जातींत सापडतात, प्रमाण तेवढं बदलतं.

बीडकर: म्हणजे माझंच खरं.

उदगीरचा डॉक्टर: निम्मं. उरलेल्या तिघांची हॅलोथेन तपासणी करून घ्या.

बीडकर: रक्त तुम्हीच काढा. मागल्या वेळी धरायला गेलो तर चावलं.

उदगीरचा डॉक्टर: मुळासकट चार केस उपटले तरी भागतं आता.

बीडकर: तेबी तुम्हीच उपटा.