प्लेनर हेडफोनवर आवाज नक्की किती मोठा आहे, घरी कसं मोजायचं? (मदत हवी आहे)

खर्ज:
नमस्कार मंडळी. ठाण्यात घोडबंदर रोडला, अगदी रस्त्यालगतच्या बिल्डिंगमध्ये राहते. दिवाळीत ऑडझी कंपनीचा एलसीडी-एक्स हा प्लेनर हेडफोन घेतला. वापरलेलाच, नव्याची किंमत बघून साइट बंद केली होती. सोबत टेबलावर ठेवायचा डॅक-अँप (डिजिटल गाण्याचा विजेचा सिग्नल करून तो हेडफोनसाठी वाढवणारा डबा) आहे. ऐकणं मुख्यतः ख्याल-ठुमरी, मध्येच मुलाच्या प्लेलिस्टमधली नवी मराठी गाणी.

अडचण अशी की आवाज जास्त झालाय हे कळतच नाही. जुन्या साध्या हेडफोनवर नॉब थोडा पुढे गेला की तार सप्तकातला स्वर टोचायला लागायचा, आवाज फाटायचा आणि हात आपसूक मागे यायचा. इथे किशोरीताईंची तान कितीही वर गेली तरी स्वच्छच. उलट नॉब पुढे नेला की डग्ग्याची घुमक जास्त छान लागते, त्यामुळे मोह वाढतो. हेडफोन ओपन-बॅक (कपाची मागची बाजू उघडी, आवाज आतबाहेर जातो) असल्याने नवरा हॉलमध्ये बसून कुठला राग चालू आहे ते सांगतो. आणि रात्री दहानंतर खाली ट्रक-कंटेनर सुरू झाले की ते सगळं आत येतं, तानपुरा बुडतो, मग अजून थोडा आवाज.

जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा वाचलाय: मोठ्यांसाठी ८० डेसिबल, आठवड्याला ४० तास. पण माझे किती? फोनवरचं अ‍ॅप कपाजवळ धरलं तर बोटभर सरकवल्यावर आकडा दहाने बदलतो. फोन स्वतः जो हेडफोनचा आवाज दाखवतो त्याला पुढच्या अँपचा पत्ताच नाही. कानात शिट्टी, दडा वगैरे काही नाही, होण्याआधी समजून घ्यायचंय. महागडं मोजयंत्र न घेता काही करता येईल का?

मुकुंदनगरी:
तेवढ्या पैशांत सगळ्या खिडक्यांना डबल काच बसली असती आणि ट्रकचाही प्रश्न मिटला असता. ह. घ्या.

ओहमकार:
मोजयंत्राशिवाय हिशोबाने काढता येतं, आणि प्लेनर असल्याने तुमचं काम सोपं आहे. नेहमीच्या डायनॅमिक हेडफोनचा इंपीडन्स (विजेला होणारा अडथळा, ओहममध्ये मोजतात) फ्रिक्वेन्सीप्रमाणे वरखाली होतो. प्लेनरमध्ये चुंबकांच्या रांगांमध्ये ताणलेला पातळ पडदा असतो, त्यावर वीजवाहक पट्ट्या असतात आणि त्या जवळपास साध्या रेझिस्टरसारख्या वागतात. एलसीडी-एक्स २० ओहम म्हणजे खर्जातही २० आणि तारातही २०. कंपनीने दिलेला दुसरा आकडा १ मिलिवॅटला १०३ डीबी, म्हणजे एवढी वीज दिली की इतके डेसिबल आवाज. बास, एवढंच लागतं.

रोज ऐकता ते गाणं लावून नॉब नेहमीच्या जागी आणा आणि मग त्याला हात लावू नका. हेडफोन काढून बाजूला ठेवा (आधी काढा, मग पुढचं!). ५० हर्ट्झची पूर्ण पातळीची, म्हणजे ० डीबीएफएसची (डिजिटल फाइलमध्ये मावणारी सर्वांत मोठी) साइन वेव्ह, एकच अखंड सूर, वाजवा आणि अँपच्या आउटपुटवर एका चॅनलचा एसी व्होल्टेज मल्टिमीटरने मोजा. सुटं जॅक आणून दोन वायरी काढून घ्या, नुसत्या जॅकवर प्रोब टेकवायला गेलात तर शॉर्ट होण्याची भीती. बॅलन्स्ड आउटपुट (दोन्ही चॅनलना सामाईक ग्राउंड नसलेलं) असेल तर त्यातली कुठलीच वायर ग्राउंडला लागू देऊ नका. आणि तो स्वस्तातला पिवळा मल्टिमीटर चालणार नाही, त्याचा एसी २०० व्होल्टपासून सुरू होतो. मिलिव्होल्ट एसी दाखवणारा हवा. लॅमिंग्टन रोडला जायची गरज नाही, सोसायटीच्या इलेक्ट्रिशियनकडेही असतो कधी कधी.

खर्ज:
ऑफिसातल्या मित्राचा मिळाला. नेहमीच्या जागी ०.०६ व्होल्ट येतोय. हे कमी की जास्त? ऐकायला तर काहीच वाटत नाही.

ओहमकार:
०.०६ चा वर्ग भागिले २०, म्हणजे ०.१८ मिलिवॅट. १ मिलिवॅटपेक्षा हे साधारण साडेसात डीबीने कमी, म्हणून १०३ मधून साडेसात गेले, राहिले साडेपंच्याण्णव.

दचकू नका. हा पूर्ण पातळीच्या अखंड सुराचा आकडा आहे, गाणं सरासरीने त्याच्या बरंच खाली असतं. ख्यालाचं जुनं रेकॉर्डिंग सरासरी उणे २० च्या (पूर्ण पातळीच्या २० डीबी खाली) आसपास असेल, तर तुमच्या कानाशी पंचाहत्तर-शहात्तर. हे ठीकच आहे. पण मुलाची नवी गाणी? आजकाल दाबून उणे ८ पर्यंत मास्टर केलेली असतात. त्याच नॉबवर ती सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीला जातात. म्हणजे तुमचा धोका भैरवीत नाही, भैरवी संपून पुढचं गाणं आपोआप लागतं तिथे आहे. स्वतःच्या फाइली असतील तर प्लेअरमध्ये रिप्लेगेन (सगळी गाणी सारख्या आवाजात वाजवणारी सोय) चालू करा. स्पॉटिफायवर व्हॉल्यूम नॉर्मलायझेशन चालू ठेवा, ते साधारण उणे १४ ला आणून ठेवतं. अँपला लो गेन (आवाज कमी पटीने वाढवणारी सेटिंग) असेल तर तोच वापरा, नॉबची चाल मोठी मिळते आणि जरासा धक्का लागून आवाज उसळत नाही.

जुना टेपवाला:
प्लेनर म्हणजे काही नवं नाही. यामाहाने १९७६ मध्ये एचपी-१ काढला होता, तेव्हा त्याला ऑर्थोडायनॅमिक म्हणायचे. असो.

डग्ग्याबद्दल: आवाज कमी केला की कानाला खालचे स्वर मधल्या स्वरांपेक्षा जास्त कमी ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच हे मोजून दाखवलंय. म्हणजे घुमकेसाठी तुम्ही सगळंच गाणं वर चढवताय. त्यापेक्षा ईक्यूमध्ये (खालचे-वरचे स्वर वेगवेगळे कमीजास्त करायची सोय) १०० हर्ट्झच्या खाली तीन-चार डीबी वाढवा आणि नॉब पाच डीबी खाली घ्या. प्लेनर खालच्या स्वरांत ईक्यू छान पेलतो. ईक्यू लावताना त्यातला प्रीअँप (एकूण पातळी) तेवढाच उणे करायचा, नाहीतर क्लिपिंग होईल, म्हणजे आवाज फाटेल.

खर्ज:
टेपवाले काका, पटतंय, पण ईक्यू म्हणजे गायकाच्या गळ्यात हात घातल्यासारखं वाटतं हो.

जुना टेपवाला:
गळ्याला नाही, डग्ग्याला हात लावायचा. शंभरच्या खाली गळा कितीसा येतो! आणि मैफलीत साउंडवाल्याने काय काय फिरवलेलं असतं ते कधी विचारलंय?

कर्णिका:
ऑडिऑलॉजिस्ट (श्रवणतज्ज्ञ) आहे, वाशीत प्रॅक्टिस करते. ओहमकार यांची पद्धत चांगली आहे, पण आलेला आकडा अंदाज समजा. कंपनी कुठल्या फ्रिक्वेन्सीला मोजते, चष्म्याच्या काडीमुळे पॅड नीट बसतो का, आणि हेडफोनचा कानाच्या पडद्यापाशी पडणारा आवाज विरुद्ध खोलीतला मोकळा आवाज, यात काही डीबी इकडेतिकडे होतात. मर्यादेपासून पाचेक डीबी खालीच राहा.

८० ला ४० तास, आणि पुढे दर ३ डीबीला वेळ निम्मा: ८३ ला २०, ८६ ला १०, ८९ ला ५. म्हणजे नवी गाणी तुमच्या आत्ताच्या नॉबवर आठवड्याला सातेक तास. मुलगा हाच हेडफोन लावत असेल तर त्याचा हिशोब वेगळा, मुलांसाठी ४० तासांना ७५ धरतात.

ट्रकबद्दल मात्र कुणी नीट बोललं नाही. माणूस बाहेरच्या गोंगाटाच्या वर काही डीबी ठेवूनच ऐकतो, हे नकळत होतं. ओपन-बॅक काहीच अडवत नाही. त्या वेळेला खिडकी लावून आतल्या खोलीत बसा, नाहीतर कान नीट बंद करणारे इअरफोन वापरा. एलसीडी-एक्स कितीही लाडका असला तरी रस्त्याकडेच्या खोलीत रात्री अकराला ते चुकीचं साधन आहे.

आणि आत्ता काही त्रास नसतानाच एकदा ऑडिओमेट्री (ऐकण्याची तपासणी) करून घ्या. मोठ्या आवाजाने होणारं नुकसान बहुधा ४००० हर्ट्झच्या आसपास खळगा पडून सुरू होतं आणि साध्या बोलण्यात ते जाणवत नाही. आजचा आलेख हाताशी असला की पुढे तुलना करता येते. ऐकून उठल्यावर दडा बसला किंवा शिट्टी वाजली, तर सकाळी बरं वाटलं तरी ती पातळी जास्तच होती. एका कानाने अचानक कमी ऐकू आलं तर मात्र त्याच दिवशी कान-नाक-घसा डॉक्टर.

खर्ज:
धन्यवाद सगळ्यांना. नॉब खाली, रिप्लेगेन चालू, ईक्यू तीन डीबी (काका जिंकले). कर्णिकाताई, ऑडिओमेट्री कुठे करावी? ठाण्यात बऱ्याच चष्मेवाल्यांकडे आणि श्रवणयंत्रांच्या दुकानांत मोफत असे बोर्ड दिसतात.

कर्णिका:
दुकानाच्या काउंटरवर नको. साउंडप्रूफ बूथ आहे का हे फोनवरच विचारा, नाहीतर बाहेरच्या हॉर्नमुळे खालच्या फ्रिक्वेन्सीचे आकडे बिघडतात. सरकारी हवं असेल तर वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग ही वाचा-श्रवणदोषांसाठीची संस्था आहे. ८००० हर्ट्झपर्यंतचा दोन्ही कानांचा आलेख कागदावर मागून घ्या. आदल्या दिवशी दुपारनंतर हेडफोन लावायचा नाही, आणि लग्नाच्या वरातीत वगैरे जाऊन दुसऱ्या दिवशी सकाळी तपासणीला येऊ नका.