मदत हवी आहे : जन्मजात अर्धमणका, मुलीची शस्त्रक्रिया आता करावी की थांबावे?

नमस्कार.

माझ्या तीन वर्षांच्या मुलीचा कणा जन्मापासून डावीकडे वळलेला आहे. छातीचा शेवटचा आणि कमरेचा पहिला मणका यांच्यामध्ये एक जादा अर्धमणका, म्हणजे एकाच बाजूने अर्धवट घडलेला मणका, आहे. त्याच्या वरची आणि खालची अशा मणक्यांमधल्या दोन्ही मऊ चकत्या (डिस्क) शाबूत असल्याने तो मुलीबरोबर वाढत राहणार आणि वक्रताही वाढवत नेणार, असे आम्हाला समजावून सांगण्यात आले. विरुद्ध बाजूचे मणके एकमेकांना जुळलेले नाहीत, ही त्यातल्या त्यात दिलासा देणारी बाब. ते जुळलेले असते, तर वाट पाहण्याचा प्रश्नच उरला नसता.

हा दोष गर्भावस्थेच्या पहिल्या काही आठवड्यांत निर्माण होतो आणि त्याच सुमारास हृदय व मूत्रपिंडेही घडत असतात, म्हणून टूडी एको, पोटाची सोनोग्राफी आणि संपूर्ण कण्याचा एमआरआय करून झाला आहे. एकच मूत्रपिंड आहे, पण त्याचे काम उत्तम चालते. हृदय आणि मज्जारज्जू व्यवस्थित आहेत.

पेच आहे तो दोन सर्जनांच्या वेगवेगळ्या सल्ल्यांचा. पहिल्यांच्या मते पाठीमागून अर्धमणका आताच काढून, वरच्या व खालच्या मणक्यांत स्क्रू बसवून ते छोट्या रॉडने जोडावेत, म्हणजे कण्याचा अगदी थोडा भाग कायमचा जखडला जाईल आणि बाकीचा मोकळेपणाने वाढेल. उशीर केल्यास शरीराचा तोल सावरण्यासाठी वर-खाली उलट दिशेने तयार होणाऱ्या भरपाईच्या वक्रता ताठर होतात आणि मग अधिक मणके जोडावे लागतात. दुसऱ्यांना हे तत्त्वतः मान्य आहे. मात्र इतक्या लहान वयात हाडे मऊ असल्याने स्क्रूची पकड सुटण्याचा धोका ते दाखवतात आणि वक्रता खरोखर वाढते आहे याची खात्री होईपर्यंत सहा महिने थांबायला सांगतात.

ती खात्रीच होत नाही. दीड वर्षाची असताना काढलेल्या एक्स-रेवर कॉब कोन (एक्स-रेवर रेघा आखून मोजलेले वक्रतेचे माप) ३१ अंश होता, आता तो ४० अंश आहे. परंतु पहिला एक्स-रे झोपवून काढला होता, तर दुसरा उभे करून. उभे राहिल्यावर वक्रता अधिक दिसते, शिवाय वेड्यावाकड्या मणक्यांवर रेघा आखताना मोजणाऱ्यागणिक काही अंशांचा फरक पडतो. मग या नऊ अंशांपैकी खरी वाढ किती धरायची?

पट्टा, मालीश किंवा व्यायाम कृपया सुचवू नयेत. सदोष घडलेले हाड त्यांनी सरळ होत नाही, यावर दोन्ही सर्जनांचे एकमत आहे.

ज्यांच्या मुलांची अशी शस्त्रक्रिया झाली आहे त्यांनी कृपया सांगावे, की त्या वेळी मूल किती वर्षांचे होते, शस्त्रक्रियेच्या दरम्यान मज्जारज्जूच्या संदेशांवर सतत लक्ष ठेवणारे यंत्र वापरले होते का, नंतर प्लास्टर किंवा ब्रेस किती काळ ठेवावा लागला, आणि पुढे वाढीच्या वयात वक्रता पुन्हा उद्भवली का. येथे कोणी अस्थिरोगतज्ज्ञ असल्यास आणखी एक विचारायचे आहे : सहा महिने थांबण्याऐवजी आताच एक एक्स-रे झोपवून काढला आणि दोन्ही एकाच व्यक्तीकडून मोजून घेतले, तर ती तुलना निर्णयासाठी पुरेशी ठरेल का, की त्यासाठी जादा किरणोत्सर्ग देणे योग्य नाही?