पाण्याकाठच्या सोप्या सायकलवाटा आणि वाटेत भेटलेला इतिहास : तुमचे अनुभव सांगा

वळणवाट :
परवा भाचीने विचारलं, "मावशी, सायकलवर लांब जायचंय गं, पण चढ नाही जमत. असा कुठे रस्ता असतो का?" आणि मला एकदम जर्मनीतलं पासाउ ते ऑस्ट्रियातलं व्हिएन्ना आठवलं. डॅन्यूबच्या काठाने साधारण सव्वातीनशे किलोमीटर. नदी वाहते त्याच दिशेने जायचं, त्यामुळे चढ जवळजवळ नाहीच. वाऱ्याचाही जोर बहुतेक वेळा पश्चिमेकडून, म्हणजे पाठीवर. वाट बरीचशी गाड्यांपासून वेगळी.

श्ल्योगनला नदी खडकाला अडून जवळपास उलट्या दिशेला वळते. तिथे छोट्या नावेत सायकली कठड्याला टेकवून उभ्या करतात आणि आपण पलीकडे. पुढे मेल्कचा पिवळा मठ लांबूनच दिसायला लागतो. बेनेडिक्टाइन साधू तिथे १०८९ पासून आहेत, आताची भव्य इमारत मात्र अठराव्या शतकातली. मग वाखाउचं खोरं. एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला दगडी बांध घातलेले द्राक्षांचे मळे आणि जर्दाळूच्या बागा. ड्युर्नश्टाइनला सायकल खाली लावून किल्ल्याच्या पडक्या भिंतींपर्यंत पायी चढले. धर्मयुद्धाहून परतणाऱ्या इंग्लंडच्या रिचर्ड राजाला ११९२ साली पकडून इथे डांबलं होतं. वरून नदी पाहिली आणि हा किल्ला इथेच का, ते लगेच कळलं. येणारी-जाणारी प्रत्येक नाव नजरेखालून जाते.

माझं ठाम मत झालंय की सोपा रस्ता आणि इतिहास दोन्ही एकत्र हवं असेल तर पाणी धरून चालावं. किल्ले, मठ, जकातनाके सगळे पाण्याकाठीच. तुम्हीही लिहा. नुसती यादी नको, तिथे काय पाहिलं ते सांगा.

मागचं चाक :
अरे वा, आमचा रस्ता! पण माउटहाउझेनबद्दल लिहायला हवं. त्याच वाटेवर, लिंत्सच्या पुढे. नदीकाठचं गाव इतकं देखणं की थांबावंसं वाटतंच, आणि वर टेकडीवर नाझींची छळछावणी. १९३८ ते १९४५. सुमारे १,९०,००० माणसं तिथे आणि तिच्या उपछावण्यांत कोंडली होती, त्यातली किमान ९०,००० मेली. ग्रॅनाइटच्या खाणीतून पाठीवर दगड घेऊन ज्या १८६ पायऱ्या कैद्यांना चढवत, त्या आहेत अजून. टेकडीचा चढ खडा आहे, सोप्या वाटेत तो बसत नाही, तरी जा. आम्ही उतरल्यावर बराच वेळ कुणी बोललं नाही.

सायंतारा :
@मागचं चाक, बरं झालं लिहिलंत. माझे सासरे तिथे गेले होते, त्यांना अजूनही त्याबद्दल बोलवत नाही.

पेडलपुराण :
मी अमेरिकेतलं सांगतो. चेसापीक अँड ओहायो कालव्याची वाट. वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउनपासून कंबरलँडपर्यंत १८४.५ मैल, पॉटोमॅक नदीच्या बाजूने. काम १८२८ ला सुरू झालं, कंबरलँडला पोचायला १८५० उजाडलं. १९२४ च्या पुरानंतर कालवा बंद. त्यावर मोटाररस्ता करायचं घाटत होतं, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्यम डग्लस १९५४ मध्ये अख्खी वाट पायी चालले. वाट वाचली, १९७१ ला राष्ट्रीय उद्यान झालं.

मूळची ही खेचरांची वाट. खेचरं काठावरून दोराने नावा ओढत. म्हणूनच सपाट! चढ येतो तो फक्त लॉकपाशी, तोही जेमतेम काही फुटांचा. आणि पॉ पॉचा बोगदा! ३,११८ फूट लांब, आत मिट्ट काळोख, सायकल ढकलतच न्यायची. कडेच्या लाकडी कठड्यावरून हात फिरवला तर दोरांनी घासून पडलेल्या खाचा बोटांना लागतात. आत एका वेळी एकच नाव मावायची. दोन नावा समोरासमोर आल्या आणि कुणीच मागे हटेना, तेव्हा कालव्याच्या माणसाने मक्याची ओली ताटं पेटवून धूर करून त्यांना बाहेर काढलं, अशी गोष्ट तिथे सांगतात. बाकी लिहितो, मीटिंग सुरू झाली.

रानवारा :
हाहा, धुराचा उपाय आमच्या सोसायटीच्या पार्किंगला लागू पडेल.

सायंतारा :
लॉक म्हणजे नक्की काय? मी चित्रातच पाहिलंय.

पेडलपुराण :
दोन दरवाज्यांमधला दगडी हौद समजा. नाव आत घ्यायची, मागचा दरवाजा बंद, पाणी भरायचं की नाव वर येते, मग पुढचा दरवाजा उघडायचा. उतरताना उलट. बाजूला लॉक सांभाळणाऱ्याचं छोटं घर. त्यातली काही घरं आता राहायला मिळतात.

अबोली :
मग फ्रान्समधला कनाल द्यु मिदी बघाच. तुलूझपासून समुद्राजवळच्या 'तो' नावाच्या सरोवरापर्यंत २४० किमी, १६६६ ते १६८१ मध्ये बांधला. बांधणारा पिएर-पॉल रिके हा मिठावरचा कर गोळा करणारा माणूस. त्याची खरी हुशारी दिसते ती नोरूझच्या खिंडीत. कालव्याचा हा सगळ्यात उंच भाग, इथून पाणी एकीकडे अटलांटिककडे आणि दुसरीकडे भूमध्य समुद्राकडे उतरतं. मग तिथे पाणी आणायचं कुठून? त्याने डोंगरातले ओढे वळवले, धरण बांधलं. १६८० ला गेला बिचारा, कालवा सुरू झालेला बघायला मिळाला नाही. बेझिएजवळ फोंसरानला लागोपाठ लॉक आहेत, पाण्याचा जिनाच. तिथे आम्ही कठड्यावर बसून नावा उतरताना बघत राहिलो, पुढे जायचंय हेच विसरलो.

सूचना एकच : तुलूझच्या बाजूचा भाग छान डांबरी आहे, पुढे मात्र माती आणि झाडांची मुळं. बारीक टायर नकोत.

मागचं चाक :
कालव्याकाठची ती चिनारसारखी मोठी झाडं राहिलीत का अजून? कापताहेत असं ऐकलेलं.

अबोली :
प्लेन झाडं. २००६ ला बुरशीचा रोग सापडला, त्याला औषध नाही. हजारोंनी कापली, दुसऱ्या जातींची लावताहेत. काही ठिकाणी सावली आहे, काही ठिकाणी बोडका काठ. वाईट वाटतं हो. नवी झाडं मोठी व्हायला आपला जन्म पुरायचा नाही.

रानवारा :
गुडघेवाल्यांसाठी काही? दोन्ही गुडघे बोलतात माझे.

तीन गिअर :
रानवारादादा, जुन्या रेल्वेमार्गाच्या वाटा धरा. वाफेच्या इंजिनाला उभा चढ झेपायचा नाही, म्हणून रुळ टाकतानाच चढ अगदी कमी ठेवलेला असतो. पेडलपुराणांच्या कालव्याला जोडूनच ग्रेट अ‍ॅलेगेनी पॅसेज आहे, पिट्सबर्ग ते कंबरलँड, १५० मैल. पिट्सबर्गहून निघा. त्या बाजूने चढ १ टक्क्याच्याही आत, कळतच नाही. कंबरलँडकडून पहिले तेवीस-चोवीस मैल सलग चढण आहे. सगळ्यात उंच जागा २,३९२ फूट, पूर्वेचा जलविभाजक, म्हणजे जिथून पाणी दोन वेगळ्या दिशांना उतरतं. वर बिग सॅव्हेज बोगदा, तो हिवाळ्यात बंद असतो. आणि सीटची उंची एकदा नीट लावून घ्या. सीट खाली असली की गुडघे दुखणारच.

रानवारा :
सीट! हे कुणी सांगितलंच नव्हतं. आजच बघतो. धन्यवाद.

सायंतारा :
मी फ्रान्समधल्या लुआर नदीच्या काठाने गेलेय, मुलीला मागे ट्रेलरमध्ये बसवून. अँब्वाझला लिओनार्दो दा विंचीचं शेवटचं घर, १५१९ ला तिथेच वारला. शांबोरचा राजवाडा बांधायला सुरुवात त्याच वर्षी. त्यातला दुहेरी गोल जिना : एक माणूस चढतो, दुसरा उतरतो, झरोक्यांतून एकमेकांना दिसतात पण समोरासमोर येत नाहीत. लेकीने मला इतक्यांदा चढवलं-उतरवलं की सायकलपेक्षा पाय तिथेच भरून आले. मुलं असतील तर दिवसाला एकच वाडा ठेवा. उठली बघा, जाते.

वळणवाट :
किती छान लिहिताय सगळे! जपानमधलं कुणी?

तीन गिअर :
शिमानामी काइदो. ओनोमिची ते इमाबारी, साधारण ७० किमी, बेटावरून बेटावर पुलांनी. रस्त्यावर निळी रेघ, तिच्यामागे जायचं. पूल उंच आहेत पण सायकलींसाठी वळसे घेत जाणारा वेगळा हलका उतार केलाय. ओमिशिमा बेटावर ओयामाझुमीचं देऊळ चुकवू नका, सामुराईंची जुनी चिलखतं आहेत. लोखंडाच्या पट्ट्या रेशमी दोऱ्यांनी ओवलेल्या, अजून रंग टिकून.

अबोली :
पेडलपुराण, त्या काळोख्या बोगद्यासाठी दिवा कुठला न्यायचा? आणि वाटेत पाणी?

पेडलपुराण :
डोक्याला बांधायचा दिवा न्या. हॅन्डलवरचा पायाखाली पडत नाही, आणि सायकल ढकलताना दोन्ही हात गुंतलेले असतात. पाण्यासाठी तंबूच्या जागांवर हातपंप आहेत, थोड्याथोड्या मैलांवर. पण थंडीत ते बंद ठेवतात, तेव्हा गावातूनच भरून घ्या. पावसानंतर लगेच जाऊ नका, चिखल चेनमध्ये शिरतो. मडगार्ड हवेतच.